दोनशे दहा दारं

पहाटे ३.४०
सोमवार, ११ डिसेंबर २०२३. नागपुरात बर्डीवर दुकानांची शटर खाली आहेत. पायऱ्यांवर दिवे नाहीत, मोबाइलचे उजेड आहेत. टेम्पो येतो, मागचं फळकं खाली पडतं आणि गठ्ठे धप्‌ धप्‌ उतरतात. मी ज्यांच्यासोबत आलो आहे ते भाऊ बावन्न वर्षांचे. चौदाव्या वर्षापासून पेपर टाकतात. कानाला मफलर, पायात कापडी बूट. खिशात अर्धं ब्लेड, दोऱ्यात गुंडाळलेलं. त्याच ब्लेडनं ते गठ्ठ्याची पट्टी कापतात.

आधी मोजणी. ओल्या फडक्यावर अंगठा टेकवायचा आणि पाच-पाच प्रती सरकवायच्या. ओठ हलतात, आवाज नाही. तीन प्रती कमी भरतात. लगेच ओरडून सांगावं लागतं, टेम्पो हलल्यावर कोणी ऐकत नाही. तीन प्रती मिळतात.

पहाटे ४.१५
आता पुरवण्या घालायच्या. मुख्य अंकात शहराची पुरवणी, तिच्या पोटात पत्रक. आज एका कोचिंग क्लासचं आहे. शंभर पत्रकांचे पंचवीस रुपये. भाऊ, त्यांच्याकडे कामाला असलेली दोन पोरं आणि मी असे चौघं मांडी घालून बसलो आहोत. पोरं अकरावीत आहेत, प्रत्येकी महिन्याला दीड हजार. फरशी इतकी गार की पाय सुन्न होतात. माझ्या दहा होतात तोवर भाऊंच्या चाळीस होतात. तळहात काळे. तोच हात नाकाला लागतो, नाकही काळं.

पहिल्या पानावर छत्तीसगडचे नवे मुख्यमंत्री विष्णुदेव साय. रायपूर नागपूरपासून एका रात्रीच्या अंतरावर, त्यामुळे इथे ती बातमी लांबची वाटत नाही. खाली विधिमंडळाचं अधिवेशन. भाऊ पहिलं पान वाचत नाहीत. पुरवणीचं तिसरं पान उघडतात, वरून खाली एकदा बोट फिरवतात आणि मिटतात.

“काय पाहिलं?”

“आपल्या लाइनीतलं काही आलं का ते.”

आलेलं नाही.

पहाटे ५.०५
एका रांगेत गाड्या सुटतात. भाऊंची मोपेड जुनी. पुढे पाय ठेवायच्या जागी एक थैली, मागे कॅरिअरला दोन. झाशी राणी चौकातून उत्तर अंबाझरी मार्गाला लागलो. डोक्यावर मेट्रोचे खांब आणि रिकामा पूल. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, म्हणून उतारावर भाऊ गाडी बंद करतात. रोजचं चाळीस रुपयांचं पेट्रोल लागतं.

लाइन शंकरनगर, डागा ले-आऊट, कार्पोरेशन कॉलनीची. दोनशे दहा घरं. कोरोनाच्या आधी तीनशे दहा होती. एप्रिल २०२० मध्ये सरकारनं घरोघरी पेपर टाकायलाच बंदी केली होती. पत्रकारांच्या संघटना त्याविरुद्ध उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्या. नंतर पेपर सुरू झाला, पण शंभर घरं परत आली नाहीत. भाऊंना ती शंभर घरं अजून पाठ आहेत. जाताना बोटानं दाखवतात, हे बंद, हे बंद, वरचं बंद, खालचं चालू.

सकाळी ५.५०
पेपर फेकणं ही कारागिरी आहे. तीन घड्या, एक रबर, मनगटाचा झटका. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पेपर झाडांच्या कुंड्या सोडून पडतो. तळमजल्यावर मात्र फेकायचं नाही, फाटकाच्या जाळीत खोचायचं. सप्टेंबरपासूनचा हा नियम भाऊंनी स्वतःच केला आहे.

२३ सप्टेंबरच्या पहाटे ते याच रस्त्यावर थैल्या घेऊन उभे होते. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. १८७० च्या सुमारास बांधलेला अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. त्या दिवशी एकही पेपर पडला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ आले तेव्हा लोक फ्रिज, गाद्या, पोरांची दप्तरं रस्त्यावर मांडून बसले होते. त्या चिखलातही लोकांनी पेपर मागून घेतला. कोणाला किती मदत मिळणार, हे त्यात होतं. घरामागे १० हजार रुपये, दुकानाला ५० हजारांपर्यंत. एकेक अंक चार-चार घरांत फिरला. अजूनही भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर पाण्याची रेघ दिसते. काही घरांनी रंग दिला, रेघ पुन्हा वर आली.

सकाळी ६.३५
एका गल्लीत आजी फाटकाशी उभ्याच आहेत. अंगावर शाल, हातात दुधाची पिशवी.

“पेपरवाले भाऊ, थांबा नं जरा. ते चेंबर पाहिलं का? झाकणच नाही. काल रात्री माझा नातू गाडीसकट गेला असता त्यात.”

“ऑफिसात सांगितलं नं आजी?”

“तीनदा सांगितलं. नंबर लिहून घेतात. पहिले नगरसेवक होता, त्याच्या घरी जाऊन बसता येत होतं. आता कोणाच्या घरी जाऊन बसू?”

भाऊंकडे उत्तर नाही. नागपूर महापालिकेची मुदत ४ मार्च २०२२ रोजी संपली. १५१ नगरसेवक एका दिवसात माजी झाले. या सकाळपर्यंत निवडणूक झालेली नाही, आयुक्तच प्रशासक आहेत. ३८ प्रभाग कागदावर आहेत, पण प्रभागाचा माणूस नाही. आजींच्या दारात रोज न चुकता येणारा, शहराशी काही संबंध असलेला माणूस उरला तो म्हणजे भाऊ. म्हणून नळाला गढूळ पाणी आलं, दिवा बंद पडला, कचरागाडी आली नाही, की लोक भाऊंना सांगतात. पेपर आणणाऱ्याचं पेपरात काही चालत असेल, असा त्यांचा भाबडा हिशेब. मला आधी हसू येणार होतं. नंतर वाटलं, हिशेब फारसा चुकीचा नाही.

भाऊ मोबाइलवर चेंबरचा फोटो काढतात. मग शेजारच्या कडुलिंबाची वाळकी फांदी ओढून आणतात, चेंबरमध्ये उभी खोचतात, टोकाला मोपेडवरचं लाल फडकं बांधतात. फडकं सीट पुसायचं होतं. उशीर झालेला आहे. पुढची चाळीस घरं ते जवळजवळ पळत करतात.

सकाळी ७.४५
“आज उशीर काहून झाला?” एक निवृत्त गृहस्थ घड्याळ दाखवतात. भाऊ फक्त “हाव, झाला,” म्हणतात.

सकाळी ८.२०
चौकातला भाऊंचा ठेला. लोखंडी टेबल, वर प्लास्टिक, प्रत्येक पेपरवर एक दगड. मराठी, हिंदी, इंग्रजी. हितवाद इथलाच, १९११ मध्ये गोखल्यांनी सुरू केलेला. तरुण भारत, ज्याचे १९४४ पासून माडखोलकर संपादक होते. लोकमत, जो १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरात दैनिक म्हणून निघाला. एवढा जुना धंदा या टेबलावर मावतो.

तर्री पोहे येतात, वर चणे आणि लाल रस्सा. तीस रुपये प्लेट. भाऊ अर्धी प्लेट पोरांकडे सरकवतात.

अधिवेशनाच्या दिवसांत भाऊ साठ प्रती जास्त उचलतात. १९५३ च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं एक अधिवेशन या शहराच्या वाट्याला आलं आणि या टेबलाच्याही. यंदाचं ७ तारखेला सुरू झालं. बाहेरगावचे कार्यकर्ते कडक इस्त्रीत येतात, उभ्या उभ्या पानं उलटतात. आपल्या साहेबांचा फोटो दिसला तर पाच प्रती घेतात, नाही दिसला तर एकही नाही. एक जण कांदा निर्यातबंदीवर तावातावानं बोलतो. तीन दिवसांपूर्वी बंदी आली, त्याचा कांदा अजून शेतात आहे. नाशिककडचा दिसतो. भाऊ त्याला बसायला स्टूल देतात.

सकाळी १०.१०
शहर वार्ताहर येते. पंचविशीतली मुलगी, पाठीवर सॅक, गळ्यात अधिवेशनाचा पास. रोज इथे थांबून सगळे पेपर चाळते. आपल्याला कोणती बातमी चुकली, ते तिला इथे कळतं. भाऊ तिच्याकडून पैसे घेत नाहीत. ती घडी मोडत नाही.

भाऊ फोटो दाखवतात. ती खरंच नीट पाहते. गल्ली कोणती, किती दिवस झाले, कोणी पडलं का, सगळं विचारते, लिहून घेते.

“दादा, चार ओळी तरी लावायचा प्रयत्न करते. पण अधिवेशन आहे. पान मोर्चांनीच भरून जातं.”

“फोटो लाव नं बेटा. ओळी राहू दे.”

सकाळी ११.२०
शेजारच्या चहाच्या टपरीवरचा टीव्ही मोठा होतो. कलम ३७० रद्द करणं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं वैध ठरवलं. ठेल्यावरची सगळी गर्दी टपरीकडे सरकते. दहा रुपयांचा चहा, काश्मीरवर अर्धा तास. भाऊ टेबलावरचे दगड सारखे करतात.

“गेली,” ते म्हणतात.

“काय?”

“चेंबरची बातमी. उद्या पानावर जागा राहते का आता.”

बातम्या न वाचणाऱ्या या माणसाला पान कसं भरतं, ते छपाईच्या आधी बारा तास कळलं होतं.

दुपारी १२.३०
हिशेब. प्रतीमागे सरासरी पावणेदोन रुपये सुटतात. घरं, ठेला आणि अधिवेशनाच्या जादा प्रती धरून आज तीनशेच्या वर खपल्या. म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या आत-बाहेर. एरवी साडेचारशे. त्यातून पोरांचे पैसे, पेट्रोल आणि बिल बुडवून घर बदलणारे वजा. उरलेल्या अकरा प्रती परत जात नाहीत, त्या रद्दीत जातात. टेबल घडी करून टपरीमागे साखळीनं बांधलं. भाऊ घरी जाऊन चार तास झोपतात. अंधार करायला खिडकीला जुने पेपर चिकटवलेले आहेत.

सायंकाळी ५.४०
वसुली. सकाळी फेकलेलं संध्याकाळी मागायचं. पावतीपुस्तक, पेन, सुट्या पैशांची पिशवी. एका दारात “पहिल्या तारखेनंतर या,” आज अकरा तारीख आहे. दुसऱ्या दारात मोबाइलनं पैसे येतात, एकशे साठ. तिसऱ्यात बाई म्हणतात, पुढच्या महिन्यापासून बंद करा, मुलगा फोनवरच वाचतो. भाऊ वाद घालत नाहीत. पावतीच्या मागे घर क्रमांक लिहितात. दोनशे नऊ.

सायंकाळी ७.१५
आजींच्या गल्लीत दिवा बंद. मोपेडच्या उजेडात दिसतं की फांदी आडवी पडली आहे, गाईनं किंवा गाडीनं. लाल फडकं चिखलात. भाऊ ते झटकून पुन्हा बांधतात. या वेळी फांदीच्या बुंध्याशी दोन विटा लावतात, पुराच्या वेळी पडलेल्या एका कुंपणाच्या. आजी आतून विचारतात, “येते का हो उद्या?”

“लिहून घेतलं आहे आजी.”

रात्री ९.०५
जेवताना फोन. वार्ताहरच आहे. आवाज दमलेला. ३७०, मग संध्याकाळी मध्य प्रदेशात मोहन यादवांचं नाव आलं, आत अधिवेशन, त्यात रात्री एक जाहिरात. शहराचं पान अर्धं झालं. चार ओळी आहेत पानावर, पण रात्री बाराला काय होईल सांगता येत नाही. फोटो नाही.

“चालते बेटा. जेवलीस का?”

भाऊ ताट सारतात. उद्याच्या थैलीत रबरं भरतात, ब्लेडला दोरा गुंडाळतात. कपाटावरून एक जुनी लाल ओढणी काढतात, तिच्या तीन पट्ट्या फाडतात आणि थैलीच्या बाहेरच्या खिशात कोंबतात. गजर तीनचा.