कपाशीच्या मुलखाने पाहावेत असे तीन सिनेमे

‘सैराट’ केदारखेड्यापासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण कापूस पिकवणाऱ्या, कोरडवाहू मुलखातल्या घरांची गोष्ट सांगणारे काही मराठी सिनेमे आपल्या भोकरदन तालुक्यापर्यंत नीट पोचलेच नाहीत.

पहिला ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009). दिग्दर्शक सतीश मनवर. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाला धास्ती बसते, आपला नवरा किसना तर असं काही करणार नाही ना? मग ती त्याला पुरणपोळी करून घालते आणि लहानग्या मुलाला, दिनूला त्याच्या मागावर सोडते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी या जोडीने भीती आणि विनोद एकाच ताटात वाढलेत. विषय जड, पण सिनेमा रडका नाही.

दुसरा जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, अभिनयाचा अनुभव नसलेल्या गावकऱ्यांना घेऊन केलेला. सुरुवातीलाच नायिका सविताच्या स्वप्नात बायका मुलाला समोर बसवून प्रश्न विचारतात; जागी झाल्यावर पाटावर बसायची पाळी तिचीच. बाप कापूस उत्पादक, त्यामुळे भाव आणि लग्न यांची गाठ सुटत नाही. टोरांटो महोत्सवात 2023 साली ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला, चित्रगृहात यायला मात्र मार्च 2025 उजाडला.

तिसरा मराठवाड्याचाच. आदिनाथ कोठारेंचा ‘पाणी’ नांदेड जिल्ह्यातल्या हनुमंत केंद्रे यांच्या जलसंधारणाच्या खऱ्या कामावर बेतलाय. गावात पाणी नाही म्हणून लग्न जमत नाही, इथून गोष्ट सुरू होते. पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कारही त्याच्या नावावर आहे.

एकच पाहायचा असेल, तर ‘स्थळ’ पाहा. आणि घरातल्या लग्नाच्या मुलीसोबत तिच्या वडिलांनाही बसवा.