तळ्याखालचं अस्तर

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! बारावीच्या सुट्टीत आजोबांसाठी अंगणात तळं खणलं आणि खाली निळी ताडपत्री घातली. वर्षभरात ती उन्हाने चिरली. एका रात्रीत पाणी जिरलं, आजोबांचे सात मासे गेले. ते काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

पॉलिमर शिकलो तेव्हा चूक कळली. अतिनील किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. काळ्या अस्तरातला कार्बन ब्लॅक ते किरण शोषून घेतो. पीव्हीसी स्वस्त, पण त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर हळूहळू निघून जातं. शेततळ्यातलं एचडीपीई मजबूत, पण ताठ. छोट्या वळणदार खड्ड्यात नीट बसत नाही. ईपीडीएम रबर महाग, पण ताणलं जातं आणि ऊन सोसतं. छोट्या तळ्याला तेच बरं. मात्र माशांना चालेल ना, हे विचारूनच घ्या.

माप सोपं: लांबी + दुप्पट खोली + काठांसाठी ०.६ मीटर. रुंदीचंही तसंच. आमचं तळं ३ × २ मीटर, खोली ०.६, म्हणून तुकडा ४.८ × ३.८ मीटरचा. आधी खडे वेचून वाळूचा थर द्या. पाणी भरल्यावरच कडा कापा.

यंदा नवं अस्तर घातलंय. मासे आजोबाच निवडणार!