खांद्याचे दुखणे आणि नागीण

वार्षिक अहवालात ताळेबंद व विभागवार आकडेवारी यांच्या जोडीला एखाद्या आजाराची सविस्तर माहिती असावी, अशी आपल्या हितचिंतकांची अपेक्षा असते. या वर्षी आम्ही दोन दुखण्यांविषयी एकत्र लिहीत आहोत. एक कंडरांचे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या आणि डॉक्टर ज्यांना ‘टेंडन’ म्हणतात त्या चिवट दोऱ्यांचे; दुसरे नागिणीचे. पहिल्याचे रुग्ण अस्थिरोग व फिजिओथेरपी विभागात जातात, दुसऱ्याचे त्वचारोग विभागात. ही विभागणी काही वेळा रुग्णाला महागात पडते. ते कसे, हे सांगताना आमच्याच एका चुकीपासून आरंभ करणे उचित होईल.

साठी ओलांडलेल्या, मधुमेहाच्या जुन्या रुग्ण असलेल्या एक भगिनी उजवा खांदा दुखतो म्हणून आल्या. त्या कुशीवर झोप येत नव्हती, वेणी घालताना हात वर नेववत नव्हता. एक्स-रेमध्ये विशेष काही आढळले नाही. कंडरेचा दाह असावा असे समजून शेक व व्यायाम सुरू केले. तिसऱ्या दिवशी दंडाच्या बाहेरच्या अंगाला कातडी लाल झाली आणि तीवर बारीक फोड आले. शेकाच्या पिशवीचा चटका बसला, असे आमच्या फिजिओथेरपिस्टला वाटले. तिने मनापासून क्षमा मागितली, भाजल्यावरचे मलम दिले आणि शेक थांबवला. निदान केले ते शेजारणीने. पाहताक्षणीच तिने ‘ही नागीण आहे’ असे सांगितले. मात्र त्यांना नेले ते गेरूचा लेप लावून नागीण ‘उतरवणाऱ्या’ गृहस्थाकडे. आमच्याकडे त्या परत आल्या तेव्हा फोड येऊन सहा दिवस उलटले होते. फोड तीन आठवड्यांत वाळले. वेदना पुढे आठ महिने राहिली. सदराची बाही दंडाला घासली तरी त्या कळवळत असत.

नागिणीचा विषाणू बाहेरून नव्याने येत नाही. लहानपणी ज्याला कांजिण्या होऊन गेल्या, त्याच्या शरीरात तो विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत सुप्तावस्थेत राहतो. वयाबरोबर किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती मंदावली की तो जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. हा विचार १९६५ साली सुसूत्रपणे मांडला तो एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधील सायरेनसेस्टर गावच्या साध्या कुटुंब-वैद्याने, आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून. गावातल्या दवाखान्यातील नोंदवहीचे मोल किती असू शकते, याचे हे उदाहरण आम्हांस फार प्रिय आहे.

मज्जातंतूच्या त्या वाटेवर आधी आग होते, फोड नंतर उमटतात. मधले अंतर बहुधा एक ते पाच दिवसांचे, क्वचित त्याहून अधिक असते. छातीवर अशी वेदना झाली तर हृदयविकाराची शंका येते, कुशीत झाली तर मूतखड्याची. खांद्याच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो, आणि त्याला कारण आहे. खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा सांध्याभोवती एक वेष्टन करतात. त्यांना सूज आली की दुखणे सांध्यापेक्षा दंडाच्या बाहेरच्या बाजूस अधिक जाणवते. मानेतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचा त्वचेवरील पट्टाही तोच. म्हणजे रुग्ण दोन्ही आजारांत हात ठेवून एकच जागा दाखवतो.

तरीही काही फरक हाती लागतात. कंडरेचे दुखणे हालचालीशी बांधलेले असते. हात विशिष्ट दिशेला नेला किंवा जोर लावला की कळ येते आणि हात टेकून ठेवला की उतरते. नागिणीची वेदना हात हलवा वा न हलवा, चालूच राहते. रुग्ण ‘दुखते’ म्हणण्याऐवजी ‘आग होते’, ‘सुया टोचतात’, ‘मुंग्या येतात’ असे शब्द वापरतो, आणि नुसता कपडा लागलेला त्याला सोसत नाही. त्या भगिनींनी पहिल्याच दिवशी ‘आग होते’ असे म्हटले होते. केसपेपरवर ‘खांदेदुखी’ एवढेच लिहिले गेले.

कंडरा दुखावल्याने नागीण होते काय, असे आम्हांस विचारले जाते. सुजलेली कंडरा विषाणूला जागे करते असे म्हणता येणार नाही. पण हे दोन्ही आजार एकाच माणसाला गाठतात, याला सबळ कारणे आहेत. पन्नाशीनंतर दोन्हींचे प्रमाण वाढते. मधुमेही व्यक्तीचा खांदा आखडण्याचा संभव इतरांपेक्षा पुष्कळ जास्त, आणि नागिणीचाही अधिक. तिसरे कारण औषधांचे आहे व तेच आम्हांस सर्वांत चिंताजनक वाटते. सांधे व कंडरा दुखतात म्हणून स्टेरॉईडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर प्रतिकारशक्ती खालावते व नागिणीचा धोका वाढतो. डॉक्टरांनी सांध्यात दिलेल्या एखाद्या इंजेक्शनाची गोष्ट वेगळी. त्याचा परिणाम बव्हंशी त्या जागेपुरता असतो, तथापि मधुमेही रुग्णाची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते. खरी भीती आहे ती जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांची, आणि ‘तीन दिवसांत गुडघा मोकळा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले सापडते. गुण लवकर येतो, म्हणून रुग्ण त्या सोडत नाही.

उलट दिशेनेही वाट आहे. दंडावर नागीण झालेला माणूस वेदनेच्या भयाने हात अंगाशी धरून ठेवतो आणि काही आठवड्यांत खांदा खरोखरच आखडतो. क्वचित विषाणू स्नायूंच्या मज्जातंतूंनाही इजा करतो. मग हात उचलण्याची शक्तीच जाते आणि कंडरा तुटली की काय, असे वाटते.

उपचाराला मुदत आहे, आणि ती थोडी आहे. असायक्लोव्हिर किंवा त्याच गटातील औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर विषाणूची वाढ आटोक्यात येते, फोड लवकर सुकतात व सुरुवातीची वेदना कमी होते. असायक्लोव्हिरची प्रौढांसाठीची नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस अशी आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टर ती कमी करतात. मुदत उलटूनही नवे फोड येत असतील तर औषध दिले जाते. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो व नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे लागते. फोड गेल्यावर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेवर साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. मज्जातंतूंवर काम करणारी वेगळी औषधे द्यावी लागतात.

नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. विळखा पुरा होत नाही, कारण प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो आणि पुरळ बहुधा मध्यरेषेपाशी थांबते. गेरू लावणाऱ्याला यश येते तेही समजण्यासारखे आहे: फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआपच बरे होतात. त्याच्यावर आमचा राग नाही. त्याच्या दारात ते ७२ तास निघून जातात, एवढीच तक्रार आहे. फोड ओले असताना ते झाकून ठेवावेत. कांजिण्या न झालेली बालके व गर्भवती स्त्रिया यांना त्या पाण्यापासून कांजिण्यांची लागण होऊ शकते.

नागिणीवरील प्रतिबंधक लस भारतात २०२३ पासून उपलब्ध आहे. पन्नाशीपुढील व्यक्तींना तिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात. ही लस जिवंत विषाणूची नसल्याने स्टेरॉईड घेणाऱ्यांनाही देता येते. तिचे मूल्य मात्र आमच्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे आम्ही जाणून आहोत.

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर फिजिओथेरपी विभागाच्या केसपेपरवर ‘शेकापूर्वी त्वचा पाहिली’ असा रकाना छापून घेतला आहे. मान, खांदा, दंड व पाठ उघडी करून पाहिल्याखेरीज शेक दिला जात नाही. रुग्णाने सांगितलेले शब्द त्याच्याच भाषेत लिहून घेतले जातात. एका बाजूला आग होऊन फोड आलेल्या कोणासही त्वचारोग विभागात क्रमांकाची वाट न पाहता आत घेतले जाते. त्या विभागास सुटी असेल त्या दिवशी अपघात विभागातील डॉक्टर रुग्णाला तपासून औषध सुरू करतात.