आधी जमीन, मग जहाज

मराठी पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत अलास्काची क्रूझ आता सर्रास दिसते. सात रात्री, निळा बर्फ, देवमाशाची शेपटी, दिवसभर चालू असणारा बुफे. यातलं काहीच खोटं नाही. पण या सात रात्रींत जहाज फिरतं ते मुख्यतः अलास्काच्या आग्नेयेकडच्या चिंचोळ्या किनाऱ्याने. त्या किनाऱ्यापलीकडे पसरलेलं राज्य महाराष्ट्राच्या साडेपाच पट मोठं आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं भरली ७ लाख ३३ हजार, म्हणजे नाशिक शहराच्याही निम्मी. रशियाने ही सगळी भूमी १८६७ मध्ये अमेरिकेला ७२ लाख डॉलरना विकली, तेव्हा हा व्यवहार करणाऱ्या विल्यम सीवर्ड यांची पुष्कळ टिंगल झाली होती. एवढा मुलूख जहाजाच्या कठड्याशी उभं राहून दिसत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, की क्रूझ जरूर करावी, पण तिच्याआधी आठ-दहा दिवस गाडी घेऊन आपलं आपण फिरावं. आधीच फिरावं, नंतर नव्हे.

कारण जमिनीवरचा प्रवास दमवतो. रोज बॅगा भरायच्या, तीनशे-चारशे किलोमीटर गाडी हाकायची आणि जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असल्यामुळे झोपायची वेळ टळत राहायची. फेअरबँक्सला २१ जूनच्या आसपास सूर्य जवळजवळ बावीस तास क्षितिजावर असतो. मुलं झोपायलाच तयार होत नाहीत. अशा दिवसांनंतर जहाजावर चढून बॅग एकदाची रिकामी केली, की त्या केबिनचं सुख खऱ्या अर्थाने कळतं. उलट क्रमाने गेलं, तर आठवडाभर आयतं खाऊन सुस्तावलेल्या मंडळींना सकाळी सहाला जंगलातल्या बससाठी उठवणं फार जड जातं.

हा क्रम जमतो, कारण बऱ्याच जहाजांचा प्रवास एकतर्फी असतो. ती व्हिटियर किंवा सीवर्ड या अलास्कातल्या बंदरांतून निघतात आणि दक्षिणेला कॅनडातल्या व्हँकुव्हरला येऊन थांबतात. शेवट परदेशात का, याचं उत्तर १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवता येत नाही, आणि बहुतेक सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याखाली चालतात. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या जहाजांनाही याच कायद्यापायी वाटेत कॅनडाचं एखादं बंदर घ्यावं लागतं. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट मनाशी पक्की करावी: अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. मुलाकडे अमेरिकेत आलेल्या आई-वडिलांना क्रूझवर नेण्याचा बेत अनेक मराठी घरांत ठरतो. तिकिटं काढण्याच्या आधी हा व्हिसा हाती असलेला बरा.

फिरण्याची सुरुवात अँकरेजपासून करावी. तिथून उत्तरेला देनाली राष्ट्रीय उद्यानाचं दार साधारण ३८५ किलोमीटरवर आहे आणि रस्ता उत्तम आहे. गाडी भाड्याने घेताना करारातली एक अट नीट वाचावी. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, आणि नकाशावर फार मोहक दिसणारा दोनशेहून जास्त किलोमीटरचा देनाली हायवे बहुतांश कच्चाच आहे. गाडीत 'द माइलपोस्ट' हे जाडजूड पुस्तक ठेवावं. १९४९ पासून निघणाऱ्या या मार्गदर्शकात पेट्रोल कुठे मिळेल, गाडी बाजूला लावायला जागा कुठे आहे, हे मैलागणिक दिलेलं असतं. मोबाइलची रेंज गेली, की याच्याइतका भरवशाचा सोबती नाही. मुक्काम शक्यतो स्वयंपाकघर असलेल्या जागी घ्यावा. शाकाहारी माणसाला वाटेत चीज आणि बटाटा यांपलीकडे फारसं काही मिळत नाही, तेव्हा भाजणीची पिशवी बरोबर असलेली चांगली.

देनालीचं उद्यान १९१७ मध्ये झालं. आतला रस्ता एकच, ९२ मैलांचा, आणि उन्हाळ्यात खासगी गाडीला पहिल्या पंधरा मैलांपर्यंतच परवानगी. पुढे उद्यानाच्या बसनेच जायचं. या एका नियमामुळे तिथली जनावरं रस्त्याला बिचकत नाहीत, आणि माझ्या मते जंगल राखण्याचा याहून सोपा उपाय क्वचितच कुणाला सुचला असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स नावाच्या उतारावर जमीन सरकू लागली आणि रस्ता ४३व्या मैलापाशी बंद करावा लागला. खाली गोठलेली माती वितळून घसरत होती. ती जागा ओलांडण्यासाठी पुलाचं काम हाती घेतलं आहे, म्हणून जायच्या आधी बस कुठपर्यंत जाते ते पाहून घ्यावं. बसगाड्या दोन तऱ्हेच्या असतात. एकीत वाटाड्या सगळं समजावत नेतो. दुसरी साधी असते, तिच्यातून हवं तिथे उतरता येतं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असली की पुन्हा चढता येतं. मुलं असतील तर दुसरी घ्यावी.

आमच्या बसमध्ये सत्तरी ओलांडलेली आई खिडकीशी होती आणि शाळकरी भाची तिच्या मांडीवर अर्धी चढलेली. कुणीतरी "थांबा" म्हणालं आणि ड्रायव्हरने गाडी बंद केली. नियम असा, की बोलायचं नाही आणि हात बाहेर काढायचा नाही. उतारावर एक ग्रिझली मादी मुळं खणत होती. पंजे मातीत रोवायची, सगळं वजन मागे टाकायची, आणि गवताचा गड्डा मुळांसकट उपटून यायचा. माती तिच्याच तोंडावर उडायची. दोन पिल्लं शेजारी बसून ती वर आलेली मुळं खात होती. पुढचा काही वेळ बसमध्ये कॅमेऱ्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग आई अगदी हळू म्हणाली, "स्वतः खाईना गं ती अजून." सहाशे-सातशे पौंडांपर्यंत वाढू शकणारं हे जनावर उन्हाळ्याचा बराचसा काळ मुळं, गवत आणि बोरासारखी रानफळं खाऊनच काढतं. किनाऱ्यावरच्या अस्वलांना सॅमन मासे मिळतात, म्हणून ती आतल्या भागातल्यांपेक्षा कितीतरी मोठी होतात. पायी फिरताना अस्वलापासून तीनशे यार्डांचं अंतर राखायचा इथला नियम आहे. तो मुलांच्या कानावर आदल्या रात्रीच घालावा.

आणि पर्वत? ६,१९० मीटर उंचीचं देनाली शिखर उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला पुन्हा मॅकिन्ली हे जुनं सरकारी नाव दिलं, तरी उद्यान देनालीच राहिलं आणि तिथली माणसंही देनालीच म्हणतात. हा पर्वत स्वतःचं हवामान स्वतः तयार करतो. समुद्रावरची दमट हवा त्याला अडून वर चढते आणि ढग होऊन त्यालाच झाकून टाकते. उन्हाळ्यात येणाऱ्या तिघांपैकी साधारण एकालाच तो दिसतो असं म्हणतात. म्हणून इथे निदान तीन रात्री राहावं. स्वतंत्र प्रवासाचा खरा फायदा हाच. ढग हटले नाहीत तर आणखी एक दिवस थांबता येतं. जहाज असं थांबत नाही.

परत अँकरेजवरून दक्षिणेला सीवर्ड हायवे लागतो. एका बाजूला टर्नअगेन आर्म ही खाडी, दुसऱ्या बाजूला कडा. पोर्टेजजवळ दलदलीत करड्या, पानं नसलेल्या झाडांचा एक समूह उभा दिसतो. २७ मार्च १९६४ च्या भूकंपाची ही खूण. ९.२ तीव्रतेचा तो धक्का साडेचार मिनिटांच्या आसपास चालला, इथली जमीन सुमारे दोन मीटर खचली, समुद्राचं पाणी आत शिरलं आणि झाडं उभ्या उभ्या मेली. खारं पाणी लाकडात मुरलं, म्हणून ती कुजली नाहीत.

सीवर्डच्या अलीकडे एक्झिट ग्लेशियर आहे. वाट इतकी सोपी की आजी-आजोबाही चालू शकतात. वाटेवर ठिकठिकाणी नुसत्या सालाच्या पाट्या रोवल्या आहेत: १९१७, १९२६, १९५१. त्या त्या साली बर्फाची कड तिथे होती. सुरुवातीच्या पाट्यांपाशी आता दाट झाडी आहे, पुढे झुडपं, मग नुसते खडक, आणि २०१० च्या पाटीपाशी उभं राहूनही बर्फ लांबच. भाचीने स्वतःचं जन्मसाल कुठे येईल ते मोजून पाहिलं आणि पाटीच्या पुढे जाऊन उभी राहिली. हवामानबदलावरचा कुठलाही धडा तिच्या मनात इतका रुतला नसता.

व्हिटियरला जायला चार किलोमीटरचा बोगदा आहे. तो एकपदरी आहे आणि त्याच रस्त्यात रेल्वेचे रूळही आहेत. गाड्या ठरलेल्या वेळेला आळीपाळीने एकेका दिशेने सोडतात, व्हिटियरकडे जाणाऱ्यांची पाळी साधारण दर तासाच्या अर्ध्यावर येते. ती चुकली तर तासभर थांबावं लागतं. बोट पकडायच्या दिवशी हा हिशेब करून निघावं, किंवा आदल्या संध्याकाळीच पोहोचावं. गावही पाहण्यासारखं आहे: बहुतेक सगळे रहिवासी एकाच चौदा मजली इमारतीत राहतात.

जहाजावर कुटुंबाचं रूपच बदलतं. गाडीत सगळ्यांना एकमेकांचं ऐकून घ्यावंच लागत होतं. इथे भाची पोहण्याच्या तलावात, भाऊ डेकवर दुर्बीण घेऊन, वहिनी आणि आई गप्पांत, आणि सगळे भेटणार रात्रीच्या जेवणाला. तीन पिढ्यांच्या सहलीला ही मोकळीक फार मानवते. जेवण शाकाहारी हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवावं आणि पहिल्याच संध्याकाळी प्रमुख वाढप्याला भेटावं. मोठ्या जहाजांच्या स्वयंपाकघरात आणि वाढप्यांत गोव्याची, मुंबईची माणसं असतात. गोव्यातल्या कित्येक घरांची दर्यावर्दी नोकरीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आमच्या टेबलाशी असलेल्या मडगावच्या मुलाने आईशी कोकणीत बोलता बोलता तिला वरणभात आणून दिला. सहा-सात महिने घरापासून लांब राहून ही मुलं आपल्या सुट्टीची सोय करतात. त्यांची नावं लक्षात ठेवावीत आणि निघताना कंपनीच्या अभिप्रायात ती लिहावीत, त्यांच्या नोकरीत याचा उपयोग होतो.

या मार्गाचा गाभा म्हणजे ग्लेशियर बे. १७५० च्या सुमाराला ही खाडी नव्हतीच, तिच्या तोंडापर्यंत बर्फ भरलेला होता. १७९४ मध्ये दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेला किनाऱ्यावर जेमतेम एक खाच दिसली. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर होडीतून आले तेव्हा बर्फ कित्येक मैल मागे गेला होता, आणि १९१६ पर्यंत तो तोंडापासून जवळजवळ शंभर किलोमीटर आत सरकला. पुढे आलेल्या बर्फाने इथल्या हुना त्लिंगित लोकांची गावंच गिळली होती, ती खाडीबाहेर जाऊन वसली. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं. खाडीत दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन दोरीच्या शिडीने जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. त्या दिवशी केबिनमध्ये बसू नये.

टोकाला मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबतं आणि हळूहळू स्वतःभोवती वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या केबिनना सारखंच दिसतं. बर्फाची भिंत पाण्यावर अडीचशे फूट उंच, मैलभर रुंद. शतकानुशतकं दाबून बर्फातली हवा निघून जाते आणि तो प्रकाशातला लाल भाग शोषून घेतो, म्हणून भेगांच्या आत इतका गडद निळा रंग दिसतो. पाणी मात्र दुधट, कारण हिमनदीने दळलेला खडक पिठासारखा त्यात मिसळलेला असतो. कडेचा एखादा सुळका आधी झुकतो, मग आवाज न करता सुटतो. तो पाण्यात गेल्यावर मागाहून तोफेसारखा दणका कानावर येतो, कारण जहाज बरंच लांब उभं असतं. शेजारची काळपट, दगडमातीने झाकलेली उतरण हीसुद्धा हिमनदीच, ग्रँड पॅसिफिक. खाडी कोरून काढणारी मूळ हिमनदी तीच, पण बहुतेक जण तिच्याकडे पाठ करून उभे असतात.

स्कॅगवेला उतरून व्हाइट पासची रेल्वे घ्यावी. क्लोंडाइकमध्ये १८९६ ला सोनं सापडलं आणि हजारो माणसं या घाटांवर लोटली. वर्षभराचा शिधा आणि सामान, सुमारे टनभर, बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस कुणाला आत सोडत नसत. ते ओझं माणसं खेपा करकरून वर चढवत. व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार जनावरं मेली. १८९८ ला सुरू झालेली तीन फुटी रुळांची ही रेल्वे १९०० मध्ये पुरी झाली, तोवर सोन्याची लाट ओसरली होती. जुनो ही राज्याची राजधानी, पण तिथे रस्त्याने जाताच येत नाही, फक्त विमान किंवा बोट. देवमासे इथेच पाहावेत. हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढून हंपबॅक उन्हाळ्यात इथे खायला येतात. जेमतेम बत्तीस हजार वस्तीच्या या गावाने गर्दीला कंटाळून कंपन्यांशी करार केला आणि २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घ्यायचं ठरवलं, हे योग्यच झालं. केचिकनला पाऊस असणार असं धरूनच उतरावं. जवळच्या सॅक्समन गावात लाकडी टोटेम स्तंभ पाहावेत.

व्हँकुव्हरला जहाज शहराच्या मध्यावर कॅनडा प्लेसला लागतं. विमान संध्याकाळचं घ्यावं आणि सामान ठेवून हार्बर ग्रीन पार्कपर्यंत चालत जावं. तिथे पाण्याकाठी २०१२ मध्ये कोमागाता मारूचं स्मारक उभारलं आहे. मे १९१४ मध्ये ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन, त्यांत बहुतेक शीख, ते जहाज याच खाडीत आलं. कॅनडाचा तेव्हाचा नियम असा, की मायदेशातून न थांबता थेट आलेल्यालाच प्रवेश. भारतातून असा प्रवास करणं त्या काळी जवळजवळ अशक्य होतं. मोजके लोक सोडले तर कुणालाही उतरू दिलं नाही. दोन महिने ते किनाऱ्यासमोर नांगर टाकून होते, मग जहाज परत पाठवलं. कोलकात्याजवळ बजबजला उतरल्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसच्या आसपास माणसं गेली. २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल माफी मागितली. भाचीने हे सगळं ऐकून विचारलं, की मग ते दोन महिने त्यांना पाणी कोण देत होतं? व्हँकुव्हरमधल्या हिंदी लोकांनी वर्गणी काढली होती, आणि पाण्यासाठी, शिध्यासाठी प्रवाशांना सरकारशी भांडावं लागलं होतं. त्या प्रश्नावर आई आणि ती बाकावर बसून बराच वेळ बोलत होत्या.