वेल्समध्ये न मिळणारा ‘वेल्श’ केक

दक्षिण गोलार्धात २८ जुलै हा दिवस ऐन हिवाळ्यात येतो. अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया प्रदेशातील चुबुत नदीच्या खोऱ्यात त्या दुपारी जुन्या प्रार्थनामंदिरांच्या दारांशी रांगा लागतात. आत लांबच लांब टेबले मांडलेली असतात. पाव-लोणी, घरचा मुरंबा, चीज, केक आणि किटल्यांतून ओतला जाणारा वाफाळता चहा असा थाट असतो. एरवी घरोघरी प्यायले जाणारे ‘माते’ हे पेय त्या दिवशी बाजूला राहते. वेल्समधून आलेल्या पूर्वजांनी या भूमीवर पाऊल ठेवले, त्याचा हा स्मरणदिन. चुबुत प्रांतात या दिवशी सार्वजनिक सुटी असते.

मात्र या मेजवानीत मानाचे स्थान असलेला ‘तोर्ता नेग्रा गालेसा’, म्हणजेच ‘वेल्श काळा केक’, खुद्द वेल्समध्ये या रूपात परंपरेने कधीच नव्हता. तो जन्मला पॅटागोनियात.

भाषेसाठी देशांतर

एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये इंग्रजीचे वर्चस्व वाढत होते. शाळा, न्यायालये आणि जमीनदार यांच्या व्यवहारातून वेल्श भाषा हद्दपार होत चालली होती. आपली भाषा आणि आपला धर्माचार निर्वेधपणे जपता येईल अशी वसाहत दूरदेशी उभारावी, हा विचार मायकेल डी. जोन्स या धर्मोपदेशकाने हिरिरीने मांडला. मे १८६५ मध्ये लिव्हरपूलहून निघालेले ‘मिमोसा’ जहाज सुमारे दीडशे स्त्री-पुरुष व मुलांना घेऊन २८ जुलै रोजी आजच्या प्युर्तो माद्रिनच्या किनाऱ्यास लागले.

हिरव्या कुरणांची अपेक्षा धरून आलेल्या या मंडळींना दिसले ते रखरखीत माळरान. पहिली पिके हाती लागली नाहीत. त्या काळात त्यांना तारले ते तेथील मूळ रहिवासी असलेल्या तेहुएल्चे लोकांनी. त्यांनी पाहुण्यांना शिकार शिकवली. पावाच्या बदल्यात मांस, अशी देवाणघेवाणही सुरू झाली. पुढे १८६७ मध्ये रेचेल जेन्किन्स हिच्या सूचनेवरून नदीचे पाणी पाट काढून शेतात वळवण्यात आले आणि खोरे गव्हाने बहरले. चरितार्थ गव्हावर असलेल्या या वस्तीत पाव आणि केक यांना महत्त्व येणे स्वाभाविकच होते.

टिकण्यासाठी घडलेला पदार्थ

वेल्समध्ये ‘बारा ब्रीथ’ नावाचा, सुकामेवा घातलेला पाव घरोघरी केला जातो. ‘ठिपक्यांचा पाव’ असा त्याचा अर्थ. पॅटागोनियातील काळा केक त्याच्याच कुळातला. पण अधिक घट्ट व गडद. टंचाईच्या दिवसांत घरात जे होते ते एकत्र करून बायकांनी तो सिद्ध केला, असे सांगितले जाते. तपकिरी साखर, मनुका, अक्रोड, मसाले आणि रम यांमुळे त्याला रंग येतो व टिकाऊपणाही. भरपूर साखर पाणी धरून ठेवते आणि मद्यार्काची जोड मिळाल्याने बुरशीला वाव राहत नाही. त्यामुळे तो महिनोन्‌महिने टिकतो. लग्नातील काळ्या केकचा काही भाग डब्यात जपून लग्नाच्या वाढदिवशी खाण्याची प्रथा त्यातूनच रुजली. प्रत्येक घराची कृती निराळी असते आणि ती सहसा आईकडून मुलीकडे जाते.

चहागृहे आणि शाळा

विसाव्या शतकात वेल्सहून येणारा ओघ आटला. शिक्षण स्पॅनिशमध्ये होऊ लागले आणि ज्या भाषेसाठी समुद्र ओलांडला तीच घरांतून मागे सरली. चहाची परंपरा मात्र टिकली. १८७४ मध्ये वसलेल्या गायमान या गावात तिने चहागृहांचे रूप घेतले. १९९५ मध्ये ब्रिटनच्या राजकन्या डायना यांनी येथे चहा घेतला आणि गावाचे नाव जगभर पोहोचले. आज पर्यटकांसाठी हे मोठेच आकर्षण आहे.

यात एक धोकाही आहे. भाषेवाचून उरलेली संस्कृती केवळ बशीत मांडण्यापुरती राहू शकते. त्याची जाणीव ठेवून १९९७ पासून वेल्समधून येथे भाषाशिक्षक पाठवले जातात. गायमान, त्रेलेउ आणि त्रेवेलिन येथे वेल्श व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या शाळा आहेत. या सोहळ्याला दुसरी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्जेंटिनाच्या लष्करी मोहिमांनी मूळ रहिवाशांची भूमी हिरावली. ज्यांनी पहिल्या हिवाळ्यांत वेल्श कुटुंबांना जगवले, तेच आपल्या मुलखात परके ठरले.

पूर्वजांनी शिदोरीत आणले ते सारेच काही टिकले नाही. नव्या मातीत, मिळेल त्या सामग्रीतून जे घडवले, त्यालाच पुढच्या पिढ्यांनी आपला वारसा मानले. चुबुतच्या खोऱ्यातील काळा केक हा त्याचा पुरावा आहे. त्याचे वेल्श नाव उच्चारणारी मुले त्या टेबलांभोवती किती उरतात, याचे उत्तर मात्र स्वयंपाकघरापेक्षा तेथील शाळांच्या हाती आहे.