पॉइंट काढताना

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. २००३ साली नोंदलेल्या त्या गाडीची वीस वर्षांची मर्यादा संपली होती. त्या आठवड्यात काळ्या-पिवळ्या टॅक्सीविषयी बरेच हळवे लेखन झाले. पण घरगुती पद्मिन्या अजून आहेत, आणि त्यांचे प्रश्न हळवे नसून रोजचे आहेत. आमच्या घरच्या गाडीपुढे गेल्या पावसाळ्यात असाच एक प्रश्न उभा राहिला : तिचे पॉइंट ठेवायचे की काढायचे?

चाळीस वर्षे हे पॉइंट अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतः लावत आले. आता त्यांना फिलर गेजच्या पातीवरचा आकडा दिसत नाही. कोपऱ्यावरचे मिस्त्री गॅरेज बंद करून गावी गेले, आणि नव्या गॅरेजमधल्या मुलाने पॉइंट कधी पाहिलेले नव्हते. “साहेब, इलेक्ट्रॉनिक किट बसवून टाका, झंझट संपेल,” असे तो म्हणाला. झंझट म्हणजे नेमके काय आणि ती खरोखर संपते का, हे समजून घेण्यासाठी मी थोडा अभ्यास केला. त्याचा हा गोषवारा.

पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. इंजिन १०८९ सीसीचे, सिलिंडर चार. प्रत्येक सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवेचे दाबलेले मिश्रण योग्य क्षणी पेटवायला प्लगच्या टोकांवर ठिणगी पडावी लागते. प्लगमधली फट ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात आणि बॅटरी देते फक्त बारा. या बाराचे हजारो होतात कसे?

उत्तर मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनात आहे. गाडीच्या कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात : एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे, दुसरे बारीक तारेचे, साधारण शंभर पट वेढ्यांचे. जाड वेटोळ्यातून प्रवाह वाहतो तेव्हा गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र साठते. प्रवाह एकदम तोडला की ते क्षेत्र कोसळते आणि बारीक वेटोळ्यात वीस हजारांच्या आसपास व्होल्ट उसळतात. ठिणगी पडते ती प्रवाह सुरू करताना नव्हे, तोडताना. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

तोडण्याचे काम पॉइंटचे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली टंगस्टनच्या दोन लहान टिकल्या समोरासमोर असतात. मधल्या दांड्यावर चार कोपऱ्यांचा कॅम फिरतो. कोपरा आला की तो पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो आणि टिकल्या अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या कमी अंतराने उघडतात. त्याच क्षणी ठिणगी तयार होते आणि रोटर ती १-३-४-२ या क्रमाने ज्या त्या प्लगकडे पोचवतो. शेजारचा कंडेन्सर टिकल्यांमध्ये आर्क पेटू देत नाही, त्यामुळे प्रवाह लोंबकळत न राहता झटकन तुटतो. ही बॅटरी-कॉइलची रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विकसित केली आणि १९१०च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारीत आली. पुढे साठ वर्षे जगभरच्या बहुतेक मोटारी याच पद्धतीवर चालल्या.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरना मिळून मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर. तासाभराच्या प्रवासात त्या टिकल्या ३ लाख ६० हजार वेळा उघडमीट करतात. दर वेळी त्यांनी चारेक अँपिअरचा प्रवाह तोडायचा आणि तोही नेमक्या क्षणी. या कष्टाने दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे टिकल्या जळतात : एकीवर खड्डा पडतो, दुसरीवर उंचवटा चढतो. दुसरी गोष्ट अधिक छुपी आहे. कॅमवर घासून फायबरची टाच झिजते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. मग गाडी सकाळी कुरकुरते, चढावर पिकअप देत नाही, मिसिंग करते. दर काही हजार किलोमीटरला पॉइंट घासून फट पुन्हा लावायची, ती यासाठी.

थोडक्यात, एकाच इवल्याशा जोडीवर दोन कामे लादलेली होती : ठिणगीची वेळ सांगायची आणि प्रवाह तोडायचा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा सगळा इतिहास ही दोन कामे वेगळी करण्याचा आहे. आधी प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टरकडे गेले. पॉइंट फक्त इशारा देऊ लागले. ते जळायचे थांबले, पण टाच झिजतच राहिली. मग वेळ सांगण्यासाठीही स्पर्शाची गरज उरली नाही. क्रायस्लर कंपनीने १९७३च्या मॉडेलांपासून आपल्या सर्व अमेरिकी गाड्यांतून पॉइंट काढून टाकले.

आज जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच किटमध्ये ‘हॉल परिणाम’ वापरतात. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की तिच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते, हे एडविन हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने १८७९ साली सोन्याच्या वर्खावर प्रयोग करून दाखवले. किटमध्ये कॅमवर एक कडे बसते, त्यात चार चुंबक. पॉइंटच्या जागी एक छोटे मोड्यूल येते. चुंबक समोरून गेला की मोड्यूलला खूण मिळते आणि त्यातला ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. काहीही कशाला टेकत नाही, म्हणून काही झिजत नाही. कंडेन्सर लागत नाही. बाहेर दोनच तारा येतात : एक कॉइलच्या धन टोकाला, दुसरी ऋण टोकाला.

मात्र या बदलाकडून काय अपेक्षू नये, हेही सांगायला हवे. कॉइल तीच ठेवली तर ठिणगी फारशी मोठी होत नाही. ती दर वेळी सारखी आणि वेळेवर पडते, इतकेच. नीट लावलेल्या पॉइंटच्या तुलनेत मायलेजमध्ये विशेष फरक जाणवणार नाही. ज्यांना मोठा फरक जाणवतो, त्यांचे पॉइंट बहुधा वर्षानुवर्षे दुर्लक्षित असतात. टायमिंग वेगानुसार पुढे नेणारी वजने आणि स्प्रिंगा डिस्ट्रिब्युटरमध्ये तशाच राहतात. त्या गंजल्या असतील तर किट त्यांना दुरुस्त करत नाही. तडकलेली टोपी, जुन्या वायरी, कचरा अडकलेला कार्ब्युरेटर यांनाही नाही.

बसवताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, अर्थिंग ऋण आहे का. पद्मिनीचे ऋणच असते. पण साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांचे धन असते आणि त्यांना वेगळे किट लागते. दोन, कॉइलचा रोध मोजावा. बारा व्होल्टला तीन ओहम म्हणजे चार अँपिअर. दीड ओहमची कॉइल लावली तर प्रवाह आठपर्यंत चढू शकतो आणि साधे मोड्यूल जळते. तीन, प्लगच्या नुसत्या तांब्याच्या वायरींऐवजी सप्रेशन वायरी वापराव्यात, नाहीतर ठिणगीचा विद्युत गोंगाट मोड्यूलला चकवतो. चार, इंजिन बंद ठेवून इग्निशनची चावी ऑन करून बसू नये. कित्येक मोड्यूल त्या उष्णतेने मरतात. शेवटी टायमिंग लाइट लावून टायमिंग पुन्हा जुळवावे, कारण तोडण्याचा क्षण आता वेगळ्या जागी आलेला असतो.

आता खरी अडचण. पॉइंट मरण्याआधी कळवतात. आठवडाभर कुरकुर करतात, आणि घाटात थांबलेच तर काडेपेटीची खरखरीत कड त्यांच्यावर फिरवून, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने फट लावून घरी येता येते. अण्णांनी हे कसारा घाटात भर पावसात केलेले मी लहानपणी पाहिले आहे. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. मोड्यूल मात्र न सांगता मरते आणि मेल्यावर त्याला कुठलीच काडेपेटी जिवंत करत नाही. म्हणजे झंझट संपत नाही. ती क्वचित येते, पण आली की आपल्या हातात काही उरत नाही.

अण्णांना मी हे सगळे कागदावर आकृती काढून सांगितले. त्यांनी एकच विचारले, “परत जुने बसवता येतील ना?” येतात. किट बसवताना काही कापावे किंवा भोकावे लागत नाही. मग आम्ही किट बसवले. काढलेले पॉइंट प्लेटसह पुसून, नवा कंडेन्सर, स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज यांच्यासोबत डब्यात घालून डिकीत ठेवले. गाडी तेव्हापासून पहिल्या चावीला सुरू होते.

त्या डब्याचा उपयोग मात्र लावणारा हात असेल तरच. म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही किट मुद्दाम काढले. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले आणि मी पॉइंट लावले. कॅमचा कोपरा टाचेवर आणायचा, पाती फटीत घालायची, ती किंचित ओढ घेत सरकली पाहिजे. सैलही नको, अडकायलाही नको. ती ओढ किती, हे पुस्तकात लिहिता येत नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या हातातली पाती स्वतः सरकवून पाहिली आणि स्क्रू आवळायला सांगितला. गाडी सुरू झाली. मग आम्ही पुन्हा किट बसवले. आता दर दिवाळीआधी हे एकदा करायचे ठरले आहे.