केशगळतीवरील औषधें व त्यांचा सावध उपयोग

सकाळीं स्नानानंतर केस विंचरतांना फणींत अडकलेला पुंजका पाहून पुष्कळांच्या मनांत धस्स होतें. मुलगा लग्नाच्या वयाचा असला तर त्याची ही काळजी साऱ्या घराची होते. मग कोणी तेल सुचवितो, कोणी गोळ्या सुचवितो, आणि औषधाच्या दुकानांतून जें हातीं येईल तें घरीं आणलें जातें. वास्तविक औषधाच्या आधीं कारणाचा शोध घ्यावयास हवा.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारें १ लाख केस असतात. त्यांपैकीं ५० ते १०० केस रोज गळणें हा शरीराचा नित्यक्रमच होय. मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनीं केस मुठीमुठीनें जातात. ते बहुधा आपोआप परत येतात. रक्तांत लोह कमी असेल किंवा थायरॉइड ग्रंथि बिघडली असेल, तर त्या मूळ विकारावरच उपचार करावा लागतो. लहान मुलाच्या डोक्यावर खवले येऊन केस गेले, तर तें बहुधा बुरशीचें काम असतें व त्याचें औषध निराळें आहे. कपाळाचे कोपरे मागें सरकत जाणें, टाळूवर केस विरळ होणें, हें जें आनुवंशिक टक्कल, त्यावर मुख्यतः दोन औषधें कसोटीस उतरलीं आहेत.

पहिलें मिनॉक्सिडिल. हें मुळांत रक्तदाबावरील औषध. तें घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढूं लागल्याचें दिसून आलें, आणि डोक्यास लावण्याच्या द्रवास अमेरिकेंत १९८८ सालीं मान्यता मिळाली. हा द्रव कोरड्या डोक्याच्या त्वचेस, केसांस नव्हे, दिवसांतून दोनदां, प्रत्येक वेळीं १ मिलिलिटर लावावा आणि लगेच हात धुवावे. दुप्पट लावल्यानें केस दुप्पट येत नाहींत, अपाय मात्र वाढतो. चेहऱ्यावर ओघळला तर तेथेंहि लव उगवूं शकते. सोललेल्या अगर जखमी त्वचेस तो लावूं नये. छातींत धडधड, भोवळ किंवा पायांस सूज आली तर तो बंद करून डॉक्टरांस भेटावें. हृदयविकार असणाऱ्यांनीं आधींच विचारावें. गर्भवतीनें व अंगावर पाजणाऱ्या मातेनें तो वापरूं नये. घरांत मांजर असेल तर तिला उशी चाटूं देऊं नये. हें औषध मांजरांस प्राणघातक ठरतें.

आरंभींच्या कांहीं आठवड्यांत केस अधिकच गळतात. नव्या केसांस जागा देण्यासाठीं जुने केस झडतात, इतकाच त्याचा अर्थ. पुष्कळ लोक नेमके याच वेळीं घाबरून औषध सोडतात. गुण पाहण्यास निदान चार महिने लागतात.

दुसरें फिनॅस्टेराइड. पुरुषांच्या शरीरांत टेस्टोस्टेरॉनपासून बनणारें एक संप्रेरक केसांचीं मुळें बारीक करीत जातें. त्याची निर्मिति हें औषध कमी करतें. १९९२ सालीं अमेरिकेंत प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर ५ मिलिग्रॅमची, व १९९७ सालीं टकलावर १ मिलिग्रॅमची गोळी मान्य झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून ती घेऊं नये. कांहींची कामेच्छा मंदावते, कांहींस खिन्नता येते. २०२५ सालीं युरोपीय औषध नियामक संस्थेनें आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचें निश्चित केलें. म्हणून गोळी सुरू झाल्यावर घरच्यांनीं मुलाच्या केसांइतकेंच त्याच्या मनाकडेहि लक्ष द्यावें. तो गप्प-उदास दिसूं लागला तर विलंब न करतां डॉक्टरांस कळवावें.

पैसे वांचविण्यासाठीं मोठी गोळी कापून तुकडे करण्याची रीत आहे. गर्भवतीनें असा तुकडा किंवा त्याची भुकटी हाताळूं नये. पोटांत मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढींत व्यंग येऊं शकतें. गोळी घेणाऱ्यानें रक्तदान करूं नये. ती सोडल्यावरहि एक महिना थांबावें. प्रोस्टेटसाठीं होणाऱ्या पी. एस. ए. या रक्तपरीक्षेंतील आंकडा या गोळीनें सुमारें निम्मा उतरतो, म्हणून परीक्षेपूर्वीं डॉक्टरांस तसें सांगावें.

दोन्ही औषधांस एक नियम समान आहे. वापर चालू तोंवर गुण. थांबविलें कीं मिळालेले केस कांहीं महिन्यांत पुन्हां जातात. तेव्हां प्रश्न एका बाटलीचा नसून अनेक वर्षांचा आहे. टक्कल जिवास अपाय करीत नाहीं. सारें समजून घेऊन औषध न घेण्याचें कोणी ठरविलें, तर तोहि निर्णय घरच्यांनीं मानावा.